हात की रायफल

यंदा पाऊस लवकर आटपला. भाईंदरच्या मिठागरांवर पाणी अजून तसंच साचलंय, पण ऊन मात्र ऑक्टोबरचं. गॅलरीतली पायपुसणीसुद्धा तासाभरात कडक होतात. या उन्हाला माझ्यापुरता एक वास आहे. दमट लाकडाचा, मशीनच्या तेलाचा, आणि शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करताना येणारा जळका वास. काल दुपारी ऑफिसात खिडकी उघडली आणि कुठून तरी तसलाच वास आत आला. मी नकळत मोठा श्वास सोडला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मान वर केली.

"काय झालं मॅडम?"

"काही नाही गं. बरं वाटलं."

ती हसली आणि परत कामाला लागली. तिला सांगायचं म्हटलं तर सगळा हंगामच सांगावा लागला असता. काही वर्षांपूर्वीचा, गणपती गेल्यानंतरचा आणि दसऱ्याच्या आधीचा. त्या हंगामात मला एका गोष्टीची इतकी भीती वाटत होती की ती मी स्वतःशीसुद्धा पूर्ण वाक्यात बोलले नव्हते.

आम्ही दोघंच, मी आणि अण्णा, माझे वडील. परळची खोली सोडून पेणकरपाड्यात आलो तेव्हा मी कॉलेजात होते. खिडकीतून तेव्हा शेतं दिसायची, आता समोरच्या इमारतीतल्या बाईंच्या फोडणीचा आवाज ऐकू येतो. आई गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. माझं लग्न झालं नाही. ती गोष्ट वेगळी आहे आणि फारशी रंगतदारही नाही. अण्णा एका इंजिनिअरिंग कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मशीनच्या भागांची चित्रं काढायचे. लहानपणी माझ्या भूगोलाच्या वहीतले नकाशे त्यांनी काढलेले असत. कोकणचा किनारा काढताना त्यांचा हात कागदावरून असा जायचा की मी श्वास रोखून बघत बसायचे. सगळ्या खाड्या जागच्या जागी, आणि रेघ एकदाही पुसलेली नाही.

मग एका वर्षी गणपतीत निरांजन लावताना काडी वातीला लागेना. अण्णा म्हणाले, "पंखा बंद कर गं." पंखा बंदच होता. मग म्हणाले, वात आखूड आहे. तीही आखूड नव्हती. आरतीला जमलेले शेजारी टाळ हातात धरून थांबले होते आणि अण्णांची काडी वातीच्या आजूबाजूला फिरत होती. शेवटी बोटांना चटका बसला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला त्याला पुढे चार-सहा महिने गेले. तोपर्यंत अण्णा प्रामाणिकपणे सांगत राहिले, की माझा हात कुठे हलतोय? तुम्हाला दिसतोय तसा. आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. मला ती गोष्ट आजाराहून भयंकर वाटली होती. हात हलतो आणि ज्याचा हात त्यालाच ठाऊक नसतं.

घरात मग एक नवा आवाज आला. पेपर वाचताना होणारी कागदाची फडफड. स्वयंपाकघरात असले तरी मला कळायचं, आज अण्णांचा दिवस बरा आहे की वाईट.

रायफलशी माझी ओळख मिक्सरमुळे झाली. मिक्सरचं भांडं दुरुस्तीला हाटकेशच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नेलं होतं. दुकानदार म्हणाला, अर्धा तास लागेल. इकडेतिकडे फिरताना एका गाळ्याच्या शटरवर नेमबाजी शिकवतात असा बोर्ड दिसला. एका बाजूला भांड्यांचं पॉलिश, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं, आणि मधल्या लांबट गाळ्यात ही रेंज. मी दारातून डोकावले. आत एक मुलगी रायफल खांद्याला लावून उभी होती. इतकी स्थिर, की मला आधी तो पुतळाच वाटला. मग बारीकसा आवाज झाला, टिचकी मारल्यासारखा, आणि तिने रायफल खाली घेतली.

"आत या ना, बाहेरून काय बघताय," एक धिप्पाड गृहस्थ म्हणाले. ते पीटर सर. राहायला उत्तनला, तरुणपणी राज्याकडून खेळलेले, आता ही रेंज चालवणारे. मी म्हटलं, माझं वय आता... त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. "वयाला कोण विचारतंय? इथं पळायचं न्हाय, उडी मारायची न्हाय. फक्त उभं राहायचं हाय. जमेल?"

त्या दिवशी मिक्सरचं भांडं न्यायचं मी विसरले.

ती पुतळ्यासारखी मुलगी म्हणजे तबस्सुम. नया नगरात राहते, शाळेत गणित शिकवते. माझ्याहून बरीच लहान, पण पहिल्या दिवसापासून मला दीदी म्हणते आणि धाकट्या बहिणीसारखी रागावतेही. ती हिंदीत बोलते, मी मराठीत उत्तर देते, आणि मध्येच आमची अदलाबदल होते. कुणाच्याच लक्षात येत नाही.

दर शनिवारी आणि रविवारी सकाळी मी तिथे जायला लागले. वर्षभराने वापरलेली पण चांगली एअर रायफल घेतली. दहा मीटरवर कागदाचं टार्गेट, त्यावर गुणांची वर्तुळं, मधोमध दहाचा ठिपका. तो लांबून टाचणीच्या डोक्याएवढा दिसतो. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं. त्या थांबण्यात मला काय मिळत होतं हे मी कुणाला समजावू शकले नसते. आठवडाभर घरात सगळं हलत असायचं. चमचा, कप, पेपर, उशीवरचा हात. त्या गाळ्यात तासभर काहीच हलत नव्हतं.

आणि मग त्या वर्षीच्या पावसाळ्यात माझे छर्रे भरकटायला लागले.

आधी मी लक्ष दिलं नाही. दमट हवा, झोप कमी, ऑफिसात ऑडिट. पण आठवड्यामागून आठवडे गेले. नेमबाजाला एक सवय लावलेली असते. घोडा दाबला की कागद बघायच्या आधी छर्रा कुठे गेला ते आतून सांगायचं. सर मागे उभे राहून विचारायचे, "बोल, कुठं गेला?"

"दहा. फार तर निसटता दहा, डावीकडे."

तारेवरून कागद सरकत आला. भोक उजवीकडे, सातात.

"परत मार. आता बोल."

"दहाच वाटतोय, सर."

आठात, खाली.

सरांनी कागद उलटा करून बाजूला ठेवला. त्याचाच मला धसका बसला. मी दहा म्हणावं आणि छर्रा सातात जावा, म्हणजे माझा हात कुठे जातोय ते मलाच कळत नाहीये. आणि हे मी आधी कुठे पाहिलं होतं, ते मला त्याच क्षणी आठवलं. पंखा बंद कर गं. वात आखूड आहे.

त्या दिवशी रिक्षात बसून मी उजवा हात समोर धरला. रस्त्यात खड्डे, रिक्षा हलतेय, हात हलणारच. घरी येऊन भिंतीला टेकून परत धरला. स्थिर दिसला. पण अण्णांनाही त्यांचा स्थिरच दिसायचा ना? मग माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा तरी कसा? हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि मग बाहेर पडायचं नावच घेईना. चहा ओतताना बघ. किल्ली लावताना बघ. सही करताना बघ. दिवसभर मी माझ्याच हातावर पाळत ठेवून होते, आणि असं टक लावून पाहिलं की कुणाचाही हात थोडा थरथरतोच, हे सांगायला कुणी नव्हतं. कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

अण्णांची दाढी मी करायचे. दर रविवारी आणि बुधवारी. गॅलरीत खुर्ची, खांद्यावर टॉवेल, वाटीत गरम पाणी. हनुवटी वर करून अण्णा डोळे मिटून घ्यायचे. वस्तऱ्यासारखं जुनं दांड्याचं रेझर होतं त्यांचं, तेच त्यांना लागायचं. त्या श्रावणातल्या एका रविवारी ब्लेड त्यांच्या गळ्याच्या घाटीजवळ आलं आणि मी थांबले. कातडी सैल, खाली शीर उडताना दिसत होती. मला पुढे जाता येईना.

"काय झालं?" डोळे न उघडता अण्णांनी विचारलं.

"काही नाही. साबण वाळला."

परत साबण लावला, कशीबशी दाढी पूर्ण केली, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना विजेवरचा ट्रिमर घेऊन आले. अण्णांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"हे काय खेळणं?"

"सोपं पडतं, अण्णा."

"कोणाला?"

मी मिरच्या चिरायला आत निघून गेले.

मला सगळ्यात जास्त छळत होता तो साधा हिशोब. अण्णांना मी आहे. जेवण, औषधं, आंघोळीला आधार, शर्टाची बटणं. माझे हात म्हणजे अण्णांचे हात. तेच गेले तर अण्णांची बटणं कोण लावणार, आणि माझी?

गणपतीच्या आधी पीटर सरांनी पहिल्यांदा विषय काढला. "सुजाता, एकदा तुझी रायफल क्लॅम्पला लावून बघू. तुझी गलती हाय की हिची, कळेल तरी."

रेंजच्या कोपऱ्यात एक जाड लोखंडी टेबल जमिनीत बोल्ट मारून पक्कं केलंय. त्यावर चामडं लावलेला मोठा क्लॅम्प. त्यात रायफल आवळून धरली की ती तसूभर हलत नाही. खांदा नाही, गाल नाही, माणसाचा श्वास नाही. टेबलामागे उभं राहून नुसतं बोटाने घोडा दाबायचा. रायफल चांगली असेल तर पाचही छर्रे एकाच भोकातून जातात. त्यात पळवाट नसते.

"पुढच्या आठवड्यात करू, सर," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात गणपती होते. त्यानंतर अण्णांना सर्दी झाली. त्यानंतर ऑफिसात महिनाअखेर. कारणं सगळी खरी होती आणि सगळी मी आनंदाने वापरली. कारण तपासणी होत नाही तोवर रायफलवर संशय घ्यायला जागा होती. क्लॅम्पमध्ये रायफलने पाच छर्रे एका भोकातून घातले की मग उरणार फक्त मी.

शेवटी सरांनीच अडवलं. खंडेनवमीला रेंजवर सगळ्या रायफली पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू, फुलं, नारळ. पूजा आम्ही करतो. सर दरवर्षी पेढे आणतात आणि सगळ्यांच्या आधी खातात. "बिघडलेली रायफल पाटावर ठेवून फूल वाहायचं न्हाय," सर म्हणाले. "रविवारी ये. मी थांबणार हाय."

"मैं भी आ रही हूँ, दीदी," तबस्सुम म्हणाली. "इस बार बहाना नहीं."

तो रविवार मला आजही लख्ख आठवतो. शेजारचं पॉलिशचं मशीन बंद, त्यामुळे गाळ्यात विचित्र शांतता. पत्र्यावर ऊन तापलेलं. पावसाळाभर भिंतींनी प्यायलेलं पाणी आता वाफ होऊन नाकात शिरत होतं. सरांनी रायफल माझ्या हातातून घेतली, क्लॅम्पमध्ये ठेवली, चामड्याचे जबडे हळूहळू आवळले, दोन्ही हातांनी हलवून पाहिली. रायफल हलली नाही, टेबलही हललं नाही.

"तू मारणार का मी?"

"तुम्हीच मारा."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. टिक्. सरांनी नवीन छर्रा भरला. टिक्. दहा मीटरवर एवढ्या लांबून भोकं दिसत नाहीत. मला वाटलं होतं, मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत असेन. प्रत्यक्षात मी एकच गोष्ट मागत होते आणि ती मागायची मला लाज वाटत होती. रायफल खराब निघू दे. एवढी जपलेली, दर आठवड्याला पुसलेली, फडक्यात गुंडाळून नेलेली माझी रायफल वाईटात वाईट निघू दे.

पाचवा छर्रा गेला. सरांनी बटण दाबलं आणि तारेवरून कागद आमच्याकडे यायला निघाला. मोटर जुनी आहे, कागद थोडा अडखळत येतो. अर्ध्या वाटेत असतानाच मला दिसलं. एक भोक नव्हतं. कागदभर विखुरलं होतं सगळं. एक आठात, एक सातात, एक पार डावीकडे.

मी हसले. मोठ्याने. मग मला थांबता येईना.

सर कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "रायफल बिघडली म्हणून एवढी खुश झालेली बाई मी पयल्यांदाच बघतोय."

तेव्हा मी बोलले. सगळं. अण्णांचा हात, निरांजन, मला न कळणारा नेम, ट्रिमर. किती वेळ बोलत होते कोण जाणे. सरांनी एक स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः पाठमोरे होऊन उगाचच छर्र्यांचा डबा बंद करत बसले. तबस्सुमने जवळ येऊन माझा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला.

पण पीटर सर घाईने खुश होणारे नव्हेत. "थांब. आधी बघू दे, क्लॅम्पच सैल असेल तर?" त्यांनी तबस्सुमची रायफल त्याच क्लॅम्पमध्ये लावली. पाच छर्रे, कागद आला, मधोमध एकच भोक, कडा जरा फाटल्यासारख्या. म्हणजे क्लॅम्प बरोबर होता. मग माझ्या रायफलमध्ये दुसऱ्या डब्यातले छर्रे घालून पाहिले. तरी तेच. आता सरांनी चष्मा लावला, रायफल लाकडातून सोडवली आणि बॅरल हातात धरून हळूच पिळल्यासारखी केली.

"ये, हात लाव."

मी हात लावला. बॅरल हलत होती. अगदी थोडी, केसभर. पण हलत होती.

"आत दोन बारीक स्क्रू असतात बॅरल पकडायला. दोन्ही सैल हाईत. प्रत्येक छर्र्याला बॅरल थोडी सरकते. तू दहावर धरतेस, ती जाते तिच्या मर्जीने." त्यांनी छोटी चावी घेऊन स्क्रू आवळले. "स्क्रू हाय, सैल होतो. पावसाचं कारण, रिक्षाच्या धक्क्यांचं कारण, काय पण असेल."

रायफल पुन्हा क्लॅम्पमध्ये गेली. पाच छर्रे. कागद आला. एक भोक.

सरांनी तो कागद माझ्या हातात दिला. मला वाटलं, संपलं. आता घरी जावं, वाटेत फाफडा घ्यावा, अण्णांना आवडतो. पण तबस्सुम गणिताची मास्तरीण. तिने रायफल क्लॅम्पमधून सोडवली आणि माझ्यासमोर धरली.

"अब आप चलाओ."

माझं हसू तिथेच थांबलं. कारण तिचं बरोबर होतं. रायफल सैल होती हे सिद्ध झालं होतं. माझा हात ठीक आहे हे कुठे सिद्ध झालं होतं? दोन्ही बिघडलेले असू शकतात. आणि आता रायफल सुधारली होती. आता जे काही कागदावर उमटेल ते माझं.

"पुढच्या रविवारी..." मी म्हणायला गेले.

"दीदी."

मी रायफल घेतली. खांद्याला लावली. गाल लाकडाला टेकला. ते लाकूड क्लॅम्पजवळच्या उन्हाने कोमट झालं होतं. दूर तो टाचणीएवढा ठिपका. माझ्या छातीचे ठोके मला रायफलीत जाणवत होते, नेम त्यांच्याबरोबर वरखाली होत होता. सर मागून हळू आवाजात म्हणाले, "घाई न्हाय. नाय जमलं तर खाली घे, परत उचल." मी खाली घेतली. परत उचलली. श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबले. आणि त्या थांबण्यात, कितीतरी दिवसांनी, मी माझ्या हाताकडे बघत नव्हते. ठिपक्याकडे बघत होते.

टिक्.

"बोल, कुठं गेला?"

"नऊ," मी म्हटलं. "वर. थोडा उजवीकडे."

कागद अडखळत आला. नऊ. वर, थोडा उजवीकडे.

दहा नव्हता तो. पण जिथे सांगितला तिथे होता. मी आयुष्यात मारलेला सगळ्यात सुंदर नऊ. माझा हात काय करतोय ते मला कळत होतं. सरांनी माझ्या डोक्यावर त्यांचा भला मोठा पंजा ठेवला, लहान पोरीच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि बाहेर चहा सांगायला गेले. मी आणि तबस्सुम दोघीही रडलो, मग एकमेकींना बघून हसलो. मग मी आणखी कितीतरी छर्रे मारले. काही दहात, काही आठात, एक तर सातातही. तो सात माझाच होता. त्याच्यावर मी कुठल्याही दहाइतकंच प्रेम केलं.

सुटकेचा आनंद फार काळ टिकत नाही असं म्हणतात, पण माझा अनुभव वेगळा आहे. तो टिकतो, फक्त जागा बदलतो. त्या वर्षी मी जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरले आणि मधल्याच कुठल्या तरी क्रमांकावर आले. पुढच्या वर्षी थोडी वर. अजून मला पदक मिळालेलं नाही आणि आता मिळेलसं वाटत नाही. तरी शनिवारी सकाळी हाटकेशच्या त्या गाळ्याचं शटर वर जाताना मला होतो तो आनंद त्या रविवारचाच आहे. इतकी वर्षं वापरला तरी झिजलेला नाही. मला हेही कळलं, की भीती ज्याला कळू दिली नाही त्याच्यापर्यंतही ती पोचलेलीच असते. ते कळलं अण्णांमुळे.

त्या रविवारी घरी आले तेव्हा अण्णांना मी एवढंच सांगितलं, "रायफल बिघडली होती. बॅरलचे स्क्रू सैल झाले होते."

"अच्छा," ते म्हणाले. फाफड्याचा तुकडा तोंडात घालून बराच वेळ चावत राहिले. "नीट आवळले ना?"

"हो."

"कोणी?"

"पीटर सरांनी. मग मी मारून पाहिलं. बरोबर गेले."

"तू स्वतः मारलेस?"

"हो, अण्णा."

त्यांनी दुसरा फाफडा उचलला. मला वाटलं विषय संपला.

दसरा झाला. त्यानंतरच्या आठवड्यात अण्णांची डॉक्टरांकडे तपासणी होती, नेहमीसारखी. मेंदूविकाराच्या डॉक्टर, मृदू बोलणाऱ्या बाई. मी घरून ठरवून निघाले होते की आज माझंही विचारायचं. रेंजवरचा कागद काही डॉक्टरचा कागद नाही, हे मला कळत होतं. पण केबिनमध्ये बसल्यावर अण्णांसमोर जीभ उचलेना. बाईंनी अण्णांना विचारलं, "बोला, आजोबा, कसं चाललंय?"

अण्णा म्हणाले, "माझं राहू दे, डॉक्टर. आधी हिचा हात बघा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या टेबलाच्या कडेकडे बघत होते.

"तिला वाटतंय की माझ्याकडून तिला आलंय. पावसाळाभर बघतोय मी. वाढताना स्वतःच्या हाताकडे बघते. ब्लेडने दाढी करायची थांबली. मला बोलली नाही." त्यांचा आवाज तेवढाच होता, नेहमीचा, पण शब्दांमध्ये ते थांबत होते. "मला झोप नाही येत हो. मी माझं सोसेन. पण पोरीला हे माझ्याकडून मिळालं असेल तर... बघा ना जरा."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. माझे दोन्ही हात पुढे करायला लावले, बोटं भराभरा उघडायला-मिटायला लावली, मनगट वळवून पाहिलं, केबिनमध्ये इकडून तिकडे चालायला लावलं, कागदावर गोल गोल काढायला सांगितले. अण्णा खुर्चीत पुढे झुकून बघत होते. जणू माझा दहावीचा निकाल लागत होता. मग बाई हसल्या.

"या हाताला काहीही झालेलं नाही. घरात एकाला असला म्हणून दुसऱ्याला हा आजार होतोच असं नाही, बहुतेक वेळा होत नाही. तुम्ही दोघांनी मला आधीच का नाही विचारलं?"

अण्णांनी खिशातून रुमाल काढायचा प्रयत्न केला, तो निघेना, आणि मी काढून दिला. त्यांनी डोळे पुसले नाहीत. तोंडावरून रुमाल फिरवला आणि खूप वेळ तसाच धरून ठेवला.

परतताना रिक्षा मिळायला वेळ लागला. उन्हं उतरली होती. रिक्षात बसल्यावर अण्णा खूप वेळ बाहेर बघत होते. दुकानं, केळ्यांच्या गाड्या, एका सोसायटीच्या गेटवर अजून लटकणारं वाळकं तोरण. मग त्यांनी न बघताच माझा हात चाचपून शोधला आणि आपल्या हातात घट्ट धरला. मी लहान असताना रस्ता ओलांडायला धरायचे, तसा.

"सुजे," ते म्हणाले, "सुटलो गं."

त्यांचा हात हलत होता, नेहमीसारखाच. आणि तो माझ्या हातात होता म्हणून माझाही हलत होता. मी तो हलू दिला.